गोदावरी परुळेकर

गोदावरी शामराव परुळेकर (माहेरच्या गोदावरी गोखले, १४ ऑगस्ट १९०७ – ८ ऑक्टोबर १९९६) या स्वातंत्र्यसैनिक, किसान चळवळीच्या नेत्या आणि मराठी लेखिका होत्या. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, वारली व इतर आदिवासींनी १९४५ ते १९४७ या काळात वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्याच्या त्या प्रमुख संघटक होत्या. या लढ्याची हकिकत सांगणाऱ्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीतील राजकीय व सामाजिक वैचारिक लेखनात हा ग्रंथ महत्त्वाचा मानला जातो. कार्यकर्त्यांत त्या गोदूताई या नावाने ओळखल्या जात, तर वारली लोक त्यांना गोदाराणी म्हणत.

बालपण व शिक्षण

गोदावरी यांचा जन्म पुण्यातील सुशिक्षित व सधन गोखले कुटुंबात झाला. त्यांचे वडील लक्ष्मणराव गोखले हे नामांकित वकील होते. नेमस्त पक्षाचे नेते गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांच्या नात्यातले. घरात इंग्रजी शिक्षणाला, वाचनाला आणि सार्वजनिक प्रश्नांच्या चर्चेला मान होता. मात्र सरकारशी सनदशीर मार्गानेच भांडावे, कायदा मोडू नये, अशी त्या घराची धारणा होती.

गोदावरी यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांचा अभ्यास केला आणि पुढे कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी केला जातो. वकिलीचा व्यवसाय करून स्थिरस्थावर होणे त्यांना सहज शक्य होते. परंतु शिक्षण चालू असतानाच त्या स्वातंत्र्यचळवळीकडे ओढल्या गेल्या. १९३२ मध्ये सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना कारावासाची शिक्षा झाली. वडिलांना हा मार्ग मान्य नव्हता. तुरुंगातून सुटल्यानंतर गोदावरी यांनी घर सोडले आणि त्या मुंबईस गेल्या.

भारत सेवक समाजातील कार्य

मुंबईत त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी) प्रवेश केला. या संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य होत. १९३७-३८ या काळात त्यांनी प्रौढ साक्षरतेच्या प्रसाराचे काम केले. त्यानंतर त्यांनी मुंबईतील घरकामगारांना संघटित करण्याचा प्रयत्न केला. घरगडी आणि मोलकरणी यांना त्या वेळी कामगार समजण्याचीही पद्धत नव्हती. त्यांचे कामाचे तास, रजा, पगार हे सारे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. अशा विखुरलेल्या कामगारांची संघटना बांधण्याचा हा भारतातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होता.

भारत सेवक समाजातच त्यांचा शामराव विष्णू परुळेकर यांच्याशी परिचय झाला. शामराव हे कामगार चळवळीतील कार्यकर्ते होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई विधिमंडळावर निवडून आले होते. कोकणातील खोती पद्धत रद्द करावी या मागणीसाठी जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा जो मोठा मोर्चा निघाला, त्याच्या संघटनेत शामरावांचा प्रमुख वाटा होता. १९३९ मध्ये गोदावरी व शामराव यांचा विवाह झाला. त्याच सुमारास दोघांनी भारत सेवक समाज सोडून कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर युद्धविरोधी प्रचार केल्याबद्दल १९४० ते १९४२ या काळात दोघांनाही तुरुंगवास भोगावा लागला.

सुटकेनंतर त्यांनी ठाणे जिल्ह्यातील कल्याण-मुरबाड भागात शेतकऱ्यांची संघटना बांधण्यास सुरुवात केली. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळील टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. या परिषदेला माह्या धांगडा यांच्यासारखे काही वारली उपस्थित होते. आपल्या भागात काय चालते ते त्यांनी तेथे सांगितले आणि परुळेकर दांपत्याचे लक्ष जिल्ह्याच्या उत्तरेकडील जंगलपट्टीकडे वळले.

वारली आदिवासींची तत्कालीन स्थिती

मुंबईहून गुजरातकडे जाणारा रेल्वेमार्ग पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू, घोलवड असा समुद्रकिनाऱ्याला जवळपास समांतर जातो. मार्गाच्या पश्चिमेस बागायती व मच्छीमारांची किनारपट्टी आहे, तर पूर्वेस डोंगर आणि जंगल सुरू होते. या पूर्वेकडील भागात वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी हे आदिवासी समाज राहत. भात व नागली ही त्यांची मुख्य पिके होत. एके काळी कसत असलेल्या जमिनींची मालकी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू सावकार, जमीनदार व जंगलाचे ठेकेदार यांच्याकडे गेली आणि मूळचे शेतकरी कुळे किंवा मजूर बनले. हे जमीनदार विविध जातिधर्मांचे होते. त्यांच्यात समान होती ती आदिवासींना राबवून घेण्याची रीत.

पावसाळ्याच्या तोंडावर धान्य संपले की आदिवासी कुटुंबाला जमीनदाराकडून खावटी, म्हणजे खाण्यापुरते धान्य, उसने घ्यावे लागे. पीक आल्यावर ते दिढीने किंवा दुपटीने परत करावे लागे. जमिनीचा खंड वेगळाच. याखेरीज जमीनदार सांगेल त्या दिवशी त्याच्या शेतावर किंवा घरी विनामोबदला काम करावे लागे, हीच वेठ. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण ते फिटेपर्यंत सावकाराच्या घरी राबे. हिशेब सावकाराच्या वहीत असल्यामुळे ते सहसा फिटत नसे आणि लग्न करून आलेली बायकोही त्याच्याबरोबर त्याच दावणीला बांधली जाई. अशा गड्यास लग्नगडी म्हणत. वेठीला नकार देणाऱ्यास मारहाण होई आणि स्त्रियांवर अत्याचार होत.

ही स्थिती सरकारला अज्ञात नव्हती. मुंबई सरकारने १९३७ मध्ये डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यास आदिवासींच्या परिस्थितीची पाहणी करण्यास सांगितले होते आणि त्याच्या अहवालात वेठ व लग्नगडी या प्रथांची सविस्तर नोंद होती. कायद्याच्या दृष्टीनेही वेठ हा गुन्हाच होता. एखाद्याकडून त्याच्या इच्छेविरुद्ध सक्तीने काम करून घेणे हे १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७४ नुसार शिक्षेस पात्र होते. तरीही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे हे कलम या जंगलपट्टीत पोहोचले नव्हते. तक्रार करायची तर तालुक्याच्या गावी जावे लागे आणि परत आल्यावर त्याच जमीनदाराच्या जमिनीवर उभे राहावे लागे. वेठीचा खरा आधार भीती हाच होता. कायद्याच्या पदवीधर असलेल्या गोदावरी परुळेकर यांनी या भागात कोर्टकचेऱ्यांऐवजी गावोगावच्या बैठकांपासून काम सुरू केले, त्याचे कारण या परिस्थितीत आहे.

वारली आदिवासींचा लढा

झरीची परिषद

१९४५ च्या पहिल्या काही महिन्यांत गोदावरी व शामराव परुळेकर यांनी उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील पाडे पायी पालथे घातले. आरंभी लोक त्यांच्याशी बोलण्यासही धजत नसत. शहरी पेहरावातील माणूस म्हणजे सरकारी अंमलदार किंवा सावकाराचा माणूस, असाच त्यांचा अनुभव होता. गोदावरी त्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्यातले अन्न खाल्ले, त्यांची बोली समजून घेतली आणि विशेषतः स्त्रियांशी बोलल्या. हळूहळू गावातील तरुण पुढे आले आणि निरोप एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाऊ लागले.

२३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी (सध्या तलासरी तालुका) वारल्यांची परिषद भरली. सुमारे ५,००० आदिवासी या परिषदेस जमले. यापुढे कोणीही वेठ करणार नाही आणि जमीनदाराच्या खाजगी शेतावर दिवसाला १२ आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय काम करणार नाही, असा निर्णय तेथे झाला. परिषद संपल्यावर लोकांनी गावोगाव जाऊन हा निर्णय कळवला. पुढील काही आठवड्यांतच उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील बऱ्याच गावांत वेठ बंद पडली आणि लग्नगड्यांनी सावकारांची घरे सोडली. हे सर्व कोणताही नवा कायदा न होता घडले, ही या घटनेची विशेष बाब होय.

तलवाड्याचा गोळीबार

पावसाळा संपल्यावर गवत कापणीचा हंगाम आला. या भागातील गवत रेल्वेने मुंबईच्या गोठ्यांना जाई आणि गवताचा व्यापार हे जमीनदारांचे मोठे उत्पन्न होते. ५०० पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरी मिळावी अशी मागणी किसान सभेने केली आणि आदिवासींनी काम थांबवले. संप मोडण्यासाठी जमीनदारांनी सरकारकडे धाव घेतली.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो आदिवासी लाल झेंड्याभोवती जमले होते. किसान सभेने नंतर दिलेल्या माहितीनुसार, गोदावरी परुळेकर तेथे सभेसाठी येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप जमीनदारांच्या हस्तकांनी गावोगाव पोहोचवला होता. दुसरीकडे, आदिवासी हत्यारांसह हल्ल्यासाठी जमत आहेत असे पोलिसांना कळवण्यात आले होते. प्रत्यक्षात गोदावरी तेथे नव्हत्या. त्यांच्या रक्षणासाठी आलेले लोक त्यांना पाहिल्याशिवाय हलण्यास तयार झाले नाहीत. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी ठार झाले व अनेक जखमी झाले. जमाव हिंसक होता ही सरकारची बाजू होती; किसान सभेने ती शेवटपर्यंत अमान्य केली.

सहा महिन्यांपूर्वी ज्या समाजातील माणूस त्यांच्याशी बोलण्यास भीत होता, त्या समाजातील माणसे त्यांच्या नावाने आलेल्या निरोपावर विसंबून घराबाहेर पडली आणि मृत्यू पावली. या घटनेनंतर चळवळ मोडेल अशी जमीनदारांची अपेक्षा होती. गोळीबारानंतरही गवत कापणीचा संप चालू राहिला आणि मजुरीच्या मागण्या जंगलकामापर्यंत पसरल्या. १० ऑक्टोबर हा दिवस ठाणे-पालघर भागात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

जंगल कामगारांचा संप व हद्दपारी

एप्रिल १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. गृह व महसूल ही खाती मोरारजी देसाई यांच्याकडे होती. खेर यांना आदिवासींच्या प्रश्नाविषयी आस्था होती आणि त्यांनी आदिवासी सेवा मंडळाचे काम उभे केले होते. परंतु कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील संघटनेला मान्यता देण्यास सरकार तयार नव्हते. १९४६ च्या शरद ऋतूत लाकूडतोडीच्या कामासाठी दिवसाला सव्वा रुपया मजुरी मिळावी या मागणीसाठी जंगल कामगारांचा संप झाला. सरकारने परुळेकर दांपत्यास व इतर कार्यकर्त्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले आणि अनेक आदिवासींवर खटले भरले. नेते हद्दपार असूनही संप टिकला आणि ठेकेदारांना मजुरीवाढ मान्य करावी लागली. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा पोलीस गोळीबार झाला व त्यातही आदिवासींचे बळी गेले.

या काळात याच परिसरात आदिवासींसाठी दुसऱ्या प्रकारचे कार्यही सुरू झाले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. हे केंद्र १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिक्षणातून बदल आणि संघर्षातून बदल असे हे दोन मार्ग होते. परुळेकर यांनी दुसरा मार्ग निवडला, तथापि उत्तरायुष्यात त्यांनी शिक्षणाच्या कामासही हात घातला.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतरही परुळेकर दांपत्याचा सरकारशी संघर्ष चालूच राहिला आणि दोघांनाही वेळोवेळी स्थानबद्धता व भूमिगत जीवन पत्करावे लागले. १९५० च्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली. कूळ कायद्यामुळे कसणाऱ्यास जमिनीचा हक्क मिळण्याचा मार्ग खुला झाला. परंतु कुळाची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर नसेल तर कायद्याचा उपयोग होत नसे. त्यामुळे गावोगावच्या कुळांची नोंद करून घेणे, वनजमिनीवरील कसणुकीचा हक्क मागणे आणि जमीन काढून घेण्यास विरोध करणे, हे किसान सभेचे मुख्य काम बनले.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या काळात झालेल्या १९५७ च्या निवडणुकीत शामराव परुळेकर ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. डहाणू-उंबरगाव पट्टा महाराष्ट्रात असावा की गुजरातेत, हाही त्या काळी वादाचा विषय होता. १९६० मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव तालुक्याचा बहुतांश भाग गुजरातेत गेला आणि झरीसह तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला.

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतरच्या वर्षांत कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. १९६४ मध्ये पक्ष दुभंगल्यावर परुळेकर दांपत्य भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) या पक्षात राहिले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव परुळेकर यांचा मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात, स्थानबद्ध असतानाच, हृदयविकाराने मृत्यू झाला. विवाहापासून चालत आलेले सव्वीस वर्षांचे सहजीवन व सहकार्य अशा रीतीने संपुष्टात आले. त्यानंतरची तीन दशके गोदावरी यांनी एकटीने काम चालू ठेवले.

तलासरी येथे आदिवासी प्रगती मंडळाच्या माध्यमातून आदिवासी मुलांसाठी वसतिगृह व शाळा यांचे काम उभे राहिले. या चळवळीतून आदिवासींमधील कार्यकर्त्यांची एक पिढी पुढे आली. १९७७ मध्ये लहानू शिडवा कोम हे डहाणू मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १९८६ मध्ये गोदावरी परुळेकर यांची अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षपदी निवड झाली. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष होत.

लेखन

जेव्हा माणूस जागा होतो

वारल्यांच्या लढ्याविषयी पहिले लेखन शामराव परुळेकर यांनी १९४७ मध्ये इंग्रजी पुस्तिकेच्या रूपाने केले होते. ते चालू लढ्याच्या समर्थनार्थ लिहिलेले राजकीय निवेदन होते. गोदावरी यांचा 'जेव्हा माणूस जागा होतो' हा ग्रंथ १९७० मध्ये, म्हणजे झरीच्या परिषदेनंतर पंचवीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला. एवढ्या अवकाशामुळे त्यात घटनांच्या वृत्तांताबरोबर त्या घटनांचा विचारही आला आहे.

ग्रंथाचे नाव त्याच्या विषयाचे नेमके दर्शन घडवते. वेठ कशी बंद झाली यापेक्षा वेठ करणारा माणूस नकार देण्यास कसा सिद्ध झाला, हा लेखिकेच्या आस्थेचा विषय आहे. परक्या माणसापुढे तोंड न उघडणारा वारली प्रथम आपल्या पाड्यात बोलतो, मग बैठकीत बोलतो, मग शेजारच्या गावात निरोप घेऊन जातो आणि अखेर जमीनदारापुढे उभा राहतो. हा क्रम लेखिकेने लहानसहान प्रसंगांतून दाखवला आहे. दारिद्र्य आणि अत्याचार यांची वर्णने ग्रंथात आहेत, पण ती दया उत्पन्न करण्यासाठी केलेली नाहीत. वारली माणसाची विनोदबुद्धी, शब्दाला जागण्याची वृत्ती, सामूहिक निर्णयाविषयीचा त्याचा आदर यांचीही नोंद लेखिका घेते. स्वतःच्या चुका आणि शहरी सवयींमुळे झालेले गैरसमजही त्यांनी लपवलेले नाहीत. भाषा साधी, सरळ व अलंकाररहित आहे.

साहित्य अकादमीने १९७२ मध्ये या ग्रंथास आत्मचरित्र म्हणून पुरस्कार दिला. मात्र रूढ अर्थाने ते आत्मचरित्र नाही. लेखिकेचे बालपण, कुटुंब किंवा वैवाहिक जीवन यांना त्यात फारसे स्थान नाही. सामाजिक इतिहास, राजकीय दस्तऐवज आणि आत्मकथन या तिन्हींच्या सीमारेषेवर तो उभा आहे. ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९७५ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. योगायोगाने त्यानंतरच्याच वर्षी, १९७६ मध्ये, भारतात वेठबिगार पद्धतीचे उच्चाटन करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला.

मराठी वैचारिक साहित्यातील स्थान

ग्रामीण शोषणाविषयी मराठीत लिहिण्याची परंपरा जुनी आहे. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात शेतकऱ्याच्या नागवणुकीची कारणे मांडली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) मध्ये गावाच्या व्यवहाराचे तपशीलवार वर्णन केले. या परंपरेत परुळेकर यांच्या ग्रंथाचे वेगळेपण असे की, त्यात गावकुसाच्याही बाहेरचा आदिवासी हा प्रथमच स्वतःच्या परिस्थितीत बदल घडवणारा कर्ता म्हणून मध्यभागी येतो.

१९७० च्याच दशकात डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे वारली चित्रकला देशोदेशी पोहोचली. शहरी वाचकाला वारली समाज ओळखू आला तो प्रामुख्याने पांढऱ्या रेषांतल्या नाचणाऱ्या आकृतींमधून. त्याच समाजाची दुसरी, कष्टाची व संघर्षाची बाजू परुळेकर यांच्या ग्रंथाने मराठी वाचकापुढे ठेवली.

ग्रंथाच्या मर्यादाही लक्षात घेण्यासारख्या आहेत. तो चळवळीच्या नेत्याने लिहिलेला असल्यामुळे जमीनदार, सरकार आणि इतर विचारांचे समाजसेवक यांच्याकडे एका निश्चित राजकीय भूमिकेतून पाहतो. वारल्यांचे देवधर्म, विधी व कला यांचा विचार त्यात लढ्याच्या अनुषंगानेच येतो. तसेच ही कथा वारल्यांची असली तरी ती सांगणारी व्यक्ती बाहेरून आलेली, उच्चशिक्षित आहे. लढ्यात सामील झालेल्या बहुसंख्य आदिवासींना लिहिता येत नव्हते आणि त्यांच्या स्वतःच्या शब्दांतील लेखी कथन मागे राहिलेले नाही. त्यामुळे त्या काळाच्या अभ्यासकाला या ग्रंथावर बरेचसे अवलंबून राहावे लागते.

इतर लेखन

'बंदिवासाची आठ वर्षे' हे त्यांचे दुसरे पुस्तक तुरुंगातील अनुभवांवर आधारित आहे. परकीय राजवटीचा आणि स्वतंत्र भारताचा असे दोन्ही तुरुंग त्यांनी भोगले होते.

निधन

८ ऑक्टोबर १९९६ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षात, गोदावरी परुळेकर यांचे निधन झाले. तलवाड्याच्या गोळीबारास ५१ वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा दोन दिवस उरले होते.

वारसा

तलासरी येथील महाविद्यालयास कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर यांचे नाव देण्यात आले आहे. सोलापूरजवळील कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली सुमारे १०,००० घरांची वसाहतही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि लढ्याचे बहुतेक क्षेत्र या नव्या जिल्ह्यात आले.

लढ्याने जे साधले ते मुख्यतः वेठीच्या बाबतीत. जमिनीचा व उपजीविकेचा प्रश्न त्याने पूर्णपणे सुटला नाही. परुळेकर यांच्या हयातीतच, १९९२-९३ मध्ये, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणामुळे बालके दगावल्याने हा भाग देशभर चर्चेत आला होता. वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य करणारा वनाधिकार कायदा २००६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, संमत झाला. त्याच्या अंमलबजावणीच्या मागणीसाठी मार्च २०१८ मध्ये किसान सभेने नाशिक ते मुंबई असा शेतकऱ्यांचा पायी मोर्चा काढला आणि त्यात आदिवासी मोठ्या संख्येने सहभागी झाले.

गोदावरी परुळेकर यांच्या आयुष्याकडे व ग्रंथाकडे एकत्र पाहिले असता लोकशाहीविषयीचे एक महत्त्वाचे निरीक्षण हाती येते. वेठ हा गुन्हा १८६० पासून होता, राज्यघटनेने तिला १९५० मध्ये मनाई केली आणि स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये आला. उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील बऱ्याच पाड्यांवर मात्र ती १९४५ च्या उन्हाळ्यात, तेथील लोकांनी एकत्र येऊन नकार दिल्यामुळे थांबली. हक्काची नोंद कायद्यात होणे आणि तो हक्क माणसाच्या हाती येणे यांमधले अंतर किती असते व ते कसे पार केले जाते, याचा मराठीतील एक प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून 'जेव्हा माणूस जागा होतो' हा ग्रंथ आजही वाचला जातो.

ग्रंथसंपदा

जेव्हा माणूस जागा होतो (१९७०, साहित्य अकादमी पुरस्कार, १९७२)
बंदिवासाची आठ वर्षे